मॅकनला येण्याआधी रोझलीनं विचारायला हवं होतं

४ ऑगस्ट, सोमवार

शाळेत गणिताच्या नव्या बाई आल्या. रोझली मँकूसो, मुक्काम न्यू जर्सी. ऑफिसात तिचे कागद माझ्याच टेबलावर. घर मिळालं का, विचारलं. नाही म्हणाली, मोटेलात उतरलेय. मी म्हटलं, अगं बाई, मोटेलात कशाला? माझं एवढं घर रिकामं पडलंय. माझ्याकडे ये, हवं तितके दिवस राहा.

हे म्हणावंच लागतं. त्यावर समोरच्यानं, किती गोड हो तुम्ही मिस शार्लीन, असं म्हणायचं आणि विषय संपतो. शाळेत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी हेच म्हणत आलेय. झेरॉक्स दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही एकदा म्हटलं होतं.

रोझलीनं विचारलं, पत्ता काय?

तोच दिवस, संध्याकाळ

आली. दोन बॅगा, एक टेबलफॅन आणि कॉफीचं एक भांडं. स्टोव्हवर ठेवलं की ते किंचाळतं. सासूबाईंची खोली दिली.

हरकत नाही. दोन-तीन दिवसांचा प्रश्न. आडून इशारा देण्यात माझा हात धरणारं इथं दक्षिणेत, आमच्या मॅकनमध्ये, कुणी नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

एक लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच खोटं वाटायला नको. आधी आईचं घर, मग नवऱ्याचं, ड्वाइटचं. ड्वाइट गेल्यावर त्याच्या आईचं, कारण तिला मी म्हटलं होतं, आई, तुम्ही अजिबात हलायचं नाही. त्या हलल्या नाहीत. या मार्चमध्ये गेल्या, देवाच्या दयेनं झोपेतच. तेव्हापासून हे घर माझं एकटीचं.

संध्याकाळी ग्लासात मक्याचा पाव कुस्करायचा, वर ताक ओतायचं, आणि सिंकपाशी उभ्यानं खायचं. अंगात परकर. टीव्ही बंद. एवढंच. या वयात एवढंसुद्धा कुणाला मागावं लागू नये.

आज रोझलीनं लसूण घालून इटालियन शेवया केल्या. टेबलावर समोरासमोर बसलो. रोज एकटीच जेवतेस? तिनं विचारलं. मी म्हटलं, हो ना गं. ती म्हणाली, बिचारी.

इथली पोरंबाळं मला मिस शार्लीन म्हणतात. ही नुसतं शार्लीन म्हणते, आणि पहिल्या दिवसापासून अगंतुगं. असो. उद्यापासून इशारे सुरू.

११ ऑगस्ट, सोमवार

इशारा पहिला. जेवताना म्हटलं, व्हाइनव्हिलकडे म्हणे फार छान फ्लॅट निघालेत, पटापट जाताहेत. रोझली म्हणाली, बघितले. भाडी अवाच्या सवा आहेत. तू नसतीस तर काय केलं असतं मी!

इशारा जरा नाजूक झाला असावा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

इशारा दुसरा. पाउंड केक केला. आमच्याकडे कुणी निघायचं असेल तरच घरात पाउंड केक होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. सोबत न्यायला डबाही काढून ठेवला. रोझलीनं उभ्या उभ्या चार फोडी खाल्ल्या आणि विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, तुझ्यासाठी गं. तिनं मला मिठी मारली. न्यू जर्सीच्या लोकांची मिठी घट्ट असते.

डब्यात तिनं कालच्या उरलेल्या शेवया भरून फ्रिजमध्ये ठेवल्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

शेजारची विनेट आली होती. विनेट आणि मी पहिलीपासून बरोबर. तिनं मागच्या आठवड्यात ओव्हनमध्ये भाजलेला कोंबडीचा कॅसरोल पाठवला होता, तर रोझलीला सहज विचारलं, कसा झाला होता गं? रोझली म्हणाली, कोरडा.

विनेट हसली. म्हणाली, देव भलं करो हिचं. विनेट असं म्हणाली म्हणजे त्या माणसाचा निकाल लागला.

रोझली आत गेल्यावर विनेट मला म्हणते, कधी काढणार हिला? मी म्हटलं, काढणार म्हणजे काय? तिला कळलंय सगळं, घर शोधतेय. विनेट म्हणाली, शार्लीन, तिला कळलेलं नाही, तिनं आत्ता तुझ्या दिवाणखान्याचे पडदे धुवायला काढलेत.

खरंच काढले होते.

माणसानं नव्या गावी राहायला येण्याआधी थोडं तरी विचारून यावं. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलली नाही, तर इथं हॉर्न वाजवत नाहीत, तो माणूस आईशी फोनवर बोलत असेल. वाटेत कुणी दिसलं तर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. चिलटं आली तर हात झाडायचे नाहीत, ओठाच्या कोपऱ्यातून फुंकर मारायची. चर्च कुठलं, असं विचारलं तर त्याचा राग मानायचा नाही. आणि कुणी ‘राहा’ म्हटलं तर लगेच राहायचं नाही. हे सगळं मी तिला एकदा बसून सांगणार आहे. शेवटचं सगळ्यात शेवटी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. हॉर्न, बोट, चिलटं. तिनं सगळं ऐकून घेतलं, फुंकर मारून पाहिली. शेवटच्याशी येत होते तेवढ्यात तिनं बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करायला घेतला. पाना हातात धरलेल्या माणसाशी असलं बोलणं बरं दिसत नाही.

नळ आता गळत नाही. ड्वाइट असल्यापासून गळत होता.

३० ऑगस्ट, शनिवार

कॉलेज फुटबॉलची मोठी मॅच. विनेट दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे बघायला आली. खारी बिस्किटं, चीज, अंडी, सगळं मांडलेलं. अख्ख्या गावात रस्त्यावर कुत्रं नाही. ऐन रंगात रोझली व्हॅक्यूम घेऊन आली आणि तिनं विचारलं, कोण खेळतंय?

विनेटनं प्लेट खाली ठेवली. निघताना दारात मला म्हणाली, तुला बोलता येत नसेल तर देवावर सोड.

विचार करण्यासारखं आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

मार्ग सापडला, आणि इतका सोपा! बुधवारी चर्चमध्ये जेवण असतं, त्यानंतर प्रत्येकानं प्रार्थनेसाठी विषय सांगायचा. गावातली कुठलीही गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचवायची तर तीच जागा. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही आणि कुणाला वाईटही वाटत नाही. मागे एकदा कॅरोल पिटमननं ‘ज्यांच्या घरात मद्याचा मोह आहे’ त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या जावयाला तीन जणांनी फोन केला.

मी उभी राहिले. म्हटलं, माझ्या घरी एक तरुण बहीण आहे, दूरवरून आलेली, तिला अजून स्वतःचं असं घर मिळालेलं नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि माझ्यासाठीही, मला बळ मिळावं म्हणून. ‘बळ’ म्हणताना आवाज जरा दाबला. विनेटनं टेबलाखालून माझा हात दाबला.

आता चर्चवाल्या बायका तिच्यासाठी घर शोधतील. हे काम माझ्या हातून गेलं.

६ सप्टेंबर, शनिवार

आज सकाळी दारात पिकअप. कॅरोल पिटमन, तिचा नवरा आणि तो जावई. मागे लाकडी पलंग, ड्रेसिंग टेबल, दिवा. कॅरोल म्हणाली, शार्लीन, तुझं ऐकून मला रात्रभर झोप नाही. पोरगी तुझ्या सासूच्या त्या जुन्या पलंगावर झोपते! घर म्हणजे स्वतःच्या वस्तू गं. आम्ही सगळ्यांनी मिळून आणलंय.

मी म्हटलं, अगं कशाला एवढं! जावई म्हणाला, कुठं ठेवू?

दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. एकीनं पडदे दिले, एकीनं ‘रोझली’ असं नाव विणलेली उशी. कॅसरोल तर सहा. विनेटचाही होता, यावेळी भरपूर सूप घातलेला.

रोझली पायरीवर बसून रडली. म्हणाली, तिकडे माझ्या गल्लीत मी दहा वर्षं राहिले, तरी मला एकाही बाईचं नाव माहीत नव्हतं.

सासूबाईंचा पलंग आता माझ्या शिवणाच्या खोलीत आहे. मशीन हॉलमध्ये. तात्पुरतं.

७ सप्टेंबर, रविवार

पास्टरांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. पाहुण्याला घर दिलं असं नव्हे, म्हणाले, घरात जागा दिली. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. रोझली पुढच्या बाकावर, विनेटचा जुना हिरवा ड्रेस घालून. विनेटनं तिला ड्रेस दिला! मी विचारलं, तू कोणाच्या बाजूची? विनेट म्हणाली, कॅसरोल चांगला झाला म्हणाली ती. आणि ती खोटं बोलत नाही, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे.

चर्चमधून येताना एक निश्चय केला. आता इशारे बंद. सरळ सांगायचं.

१० सप्टेंबर, बुधवार

बाथरूमच्या आरशात तालीम. ‘रोझली, मला माझं घर परत हवंय.’ फार कठोर. ‘रोझली, मला वाटतं आता तुला तुझं घर आवडेल.’ यात मी कुठं आले? ‘रोझली, राजा, मी एकटी राहू इच्छिते.’ हे बरं. पाच-सहा वेळा म्हटलं. आवाज थरथरला नाही. मग बाहेरून रोझलीनं विचारलं, शार्लीन, कुणाशी बोलतेस?

मी म्हटलं, प्रार्थना करतेय.

रविवारी सांगणार. पोटभर जेवल्यावर माणूस समजूतदार असतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सांगायची वेळच आली नाही. तिनंच विचारलं.

जेवण झालं होतं. तिनं भांडी आवरली, हात पुसले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, शार्लीन, कॉलेज स्ट्रीटवर एक फ्लॅट मिळतोय. मला आवडला. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. मी जावं असं तुला वाटतं का? खरं सांग. हो म्हणालीस तर मी अजिबात रागावणार नाही, शपथ. आमच्याकडे आई रोज म्हणायची, चालती हो, आणि रोज जेवायला वाढायची.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘मी एकटी राहू इच्छिते’ मधलं ‘मी’ तर बाहेरही आलं.

मी म्हटलं, मी? वेडी का काय तू! असलं कुणी विचारतं का?

तिनं पुन्हा विचारलं. नक्की? इथं मला कुणाचं काहीच कळत नाही गं. सगळे हसतात, सगळे या म्हणतात, आणि गेलं की दारातच उभं करतात. शाळेतल्या एका बाईंनी मला जेवायला बोलावलं. मी गेले, तर त्या म्हणाल्या, अय्या, आज? या गावात तू एकटी अशी आहेस, की मनात असतं तेच बोलतेस. म्हणून तुला विचारतेय. फक्त तुझ्यावर माझा विश्वास आहे.

मी टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. विचार करत होते असं तिला वाटलं असेल. विचार असा काही नव्हता. एक चेहरा होता, आणि त्यावर हसू यायचं की नाही ते माझ्या एका शब्दावर होतं. आणि मला फक्त एकच शब्द म्हणता येतो, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

नाही गं, म्हटलं. कुठं जातेस?

तिनं तिथूनच फोन लावला. फ्लॅट नको म्हणाली. हसत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, आता मी आईला सांगते, मला घर मिळालं म्हणून.

आज तिला दगदग झाली असती. भाडं, डिपॉझिट, सामान हलवायचं. ख्रिसमसच्या सुट्टीत निवांत बोलू. एवढी घाई कसली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिच्या खोलीत सकाळचं ऊन येत नाही, वह्या तपासताना डोळे दुखतात म्हणाली. मी म्हटलं, माझी खोली घे ना. ती लगेच उठली. आता मी सासूबाईंच्या पलंगावर, शिवणाच्या खोलीत. तसं बरंच आहे. लहान खोली गार राहते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात आज रोझलीच्या वर्गातली मुलं. फुकट शिकवणी. विनेट त्यांना बिस्किटं द्यायला आलेली. कॅरोल पिटमन तिसऱ्यांदा पडदे बदलायला. सगळ्या म्हणतात, घर कसं भरलंय. मी हो म्हणते.

ही नोंद गाडीत बसून लिहितेय. गाडी गॅरेजमध्येच आहे, कुठं जायचं नाही. मांडीवर ग्लास, ग्लासात मक्याचा पाव आणि ताक. चमचा आणायला विसरले, बोटानं खातेय. काचा वर. किती शांत आहे! परकरात यायचं धाडस मात्र केलेलं नाही. हे आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक. रोज शाळेतून आलं की अर्धा तास इथंच बसायचं, कुणाला कळणारसुद्धा नाही. हा माझा नवा नियम. मोडणार नाही.

थांब, काचेवर कुणीतरी टकटक करतंय.

रोझली. हातात दोन चमचे. म्हणाली, तू गाडीत एकटीच बसतेस? का? मी म्हटलं, अशीच गं. ती म्हणाली, कंटाळली असशील. येऊ का?

मी शेजारच्या सीटवरची पर्स उचलली.

तशी गाडी मोठी आहे.