पथ्य सुटल्याची बातमी

प्रिय सखू,

तू गेल्यावर तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. पण आज सकाळी गेनू मुंबईहून आला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दुसऱ्या कुणाला विचारू? म्हणून तुलाच विचारतो.

गेनू, माझ्याबरोबर कर्जतच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारा. त्याच्या बायकोला, अनशीलाही तुझ्यासारखीच छातीत गाठ निघाली, तू गेल्यानंतर. कापली, पुन्हा आली. काल डॉक्टरने गेनूला बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्य नको, हवं ते खाऊ द्या. आणि गेनू हसत आला गं! पथ्य सुटलं म्हणून यार्डात सगळ्यांना गूळ वाटला. मीही खडा घेतला आणि तसाच खिशात टाकला.

आपल्यालाही असंच झुलवलं होतं ना? गाठ कापल्याची तुझी जखम भरली तेव्हा मीसुद्धा सुटलो म्हणून नारळ फोडला. मग हात सुजला. उजव्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या, तेव्हा तू हाताकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. पुढे दवाखान्यातल्या विजेच्या शेकाने कातडी भाजली, आणि त्याच्याच शेजारी नवी गाठ आली.

लोधिवलीच्या वैद्यांनी वाल, वांगं, सुकट, आंबट सगळं बंद केलं. मी ते पथ्य रेल्वेच्या नियमासारखं पाळलं. पेज आणि मुगाचं कढण मी स्वतः शिजवायचो. तू शेजारच्या मथुरावहिनींना सांगायचीस, यांनी लाल बावटा घरी बी आणलाय.

मग मुंबईच्या डॉक्टरने मला तेच वाक्य सांगितलं. मला अर्थ कळला, आता इलाज उरला नाही. तू विचारलंस, काय बोलला? मी म्हणालो, पथ्य अजून दोन महिने. सोडलं असतं तर तुला सगळं कळलं असतं, या भीतीने मी खोटं बोललो.

त्याच सुमारास दहिवलीच्या आपल्या वावरात भातामागून पेरलेले वाल आले. तू रोज वाटीभर वालाचं बिरडं मागायचीस आणि मी रोज नाही म्हणायचो. मथुरावहिनी झाकून घेऊन आल्या, त्यांना मी दारातून परत पाठवलं. तुझी हाडं दिसत होती आणि मी कढण ढवळत होतो! द्यावं तर भीती, न द्यावं तर भीती.

शेवटी एका दुपारी तुला कढणही गिळवेना, तेव्हा मीच हरलो. बिरडं करू का, म्हणून विचारलं. तू केवढी दचकलीस!

"नको," म्हणालीस. "डॉक्टर काय बोलला ते मी दाराआडून तवाच आयकलं व्हतं. तुमी 'नाय' म्हनलाव का वाटायचं, अजून काय तरी आशा बाकी हाय. म्हनून मागत व्हते."

अगं, मग मला बोलली का नाहीस? पण मी तरी कुठे बोललो! पुढचे चार दिवस आपण काय काय बोललो, आठवतं? कुठली साडी कुणाला द्यायची, विरजण किती घालायचं. माझ्या कढणाची तू केलेली नक्कल! चारच दिवस मिळाले, सखू. दोन महिने आपण एकाच घरात एकमेकांपासून लपून बसलो होतो.

आता गेनूला काय सांगू? त्याचा आनंद हिरावून घेऊ? माझ्या 'नाही'ने तुला धीर दिला, हेही खरंच. विचार करून डोकं फिरायची वेळ आली आहे.

पण तुला शब्द देतो. उद्या यार्डातली पाळी संपली की त्याच्या ओट्यावर जाऊन बसेन आणि त्या वाक्याचा अर्थ मीच त्याला सांगेन. रडला तर रडू देईन. मग म्हणेन, अनशीने काही मागितलं तर लगेच हो म्हणू नको आणि नाहीही म्हणू नको. तिच्याजवळ बस आणि विचार, तुला खायचंय, की नुसतं मागायचंय? मी तुला हे एकदाही विचारलं नाही.

तुझाच,
गोविंद