पदर लागला

कोल्हापूर, ता. ९ मार्च ८३

चि. कृष्णात यास विठाआक्काचा आशीर्वाद.

न्हाय, सुई बघून मी डोळं मिटलं न्हाईत. तू इचारलं न्हाईस, तरी आधीच लिवतो, कारण तुझा भाऊ बाळासो गल्लीभर तसं सांगत फिरतोय. तुझी तब्येत इचारत न्हाय. दोन्ही किडन्या बंद पडून मुंबईच्या दवाखान्यात पडल्याला माणूस काय सांगणार? जेवण आळणी असंल. गप खा.

गेल्या महिन्यात मी, बाळासो आन् त्याची बायको धोंडुबाई तपासणीला रक्त द्यायला आलतो, तवा तू मशिनीवर होतास, म्हणून तुला झाल्यालं ठावं न्हाय. बाळासोचं नाक तुझं, आवाज तुझा, घोरणंबी तुझंच. सगळी म्हणाली, किडनी ह्याचीच लागणार. (मला तर आई कायम म्हणायची, हिला बोरीखालनं उचलून आणलीया.) डाक्तर म्हणाले, नाकावर काय नसतं. अंगात कणाकणावर खुणा असत्यात, निम्म्या बापाच्या, निम्म्या आईच्या. परकी खूण दिसली की रक्त भांडाय उठतंय. मी म्हणलं, म्हंजे पदर लागतो का बघायचं, सोयरिकीत घराण्याचं नातं जुळतंय का बघतोय तसं. डाक्तर कोकणातले, त्यांना पदर म्हंजे लुगड्याचाच ठावा. समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

मग आणखी घोळ. खुणा ओळखायचं औषध विलायतेतनं येतंय, तिकडच्या लेकुरवाळ्या बायकांच्या रक्ताचं. लई पोरं झाली की बाईचं रक्त पोटातल्या पोरातनं नवऱ्याकडची खूण ओळखाय शिकतंय म्हणं. पण खुणा मुलुखागणिक येगळ्या. (बरंच हाय. समद्यांस्नी एकच खूण असती तर एका रोगात समदी एकदम गेली असती.) आपली खूण तिकडच्या बायकांस्नी कुठली ठावी? आपल्या तिघांच्या कागदावर एक रकाना कोराच राहिला. डाक्तर डोकं खाजवाय लागले. मी म्हणलं, सात पोरांची आई भाईर बाकड्यावर बसलीया की. धोंडुबाई घाबरली ("वन्सं, मी काय केलंय वो?"), तरी नळीभर रक्त काढलं. कृष्णा, तिचं रक्त माझ्या थेंबावर धावून आलं, तुझ्यावरबी आलं, बाळासोवर तर आलंच. कोरा रकाना भरला. ही बाई आमच्या घराला आपलं म्हणत न्हाय म्हणून मी इतकी वर्सं बोल लावला. तिच्या रक्तानं सात बाळंतपणांत आमचं घर पाठ केलतं. तवापासनं मी तिला टाकून बोलत न्हाय. (कमी बोलतो.)

काल डाक्तरांचं पत्र आलं. बाळासोचा तुझ्याशी निम्माच पदर लागतो. माझा पुरा. भावंडांत चारातनं एकदा असं जमतंय म्हणं.

आन् त्याच टपालात तुझं. लिवलंयस, "आईच्या मागं आक्कानं वाढवलं, आता तिच्या पोटातलं काढून घेणार न्हाय." वाढवलं ते काय तुला असं मरू द्याय? मला दोन हायत, डाक्तरांनी तपासून सांगितलंय, एकीवर भागतंय. तुला एकबी न्हाय. ह्यात इचार करण्यासारखं काय हाय?

तुझी आक्का,
विठाबाई

ता.क. घेणाऱ्याची सही असल्याबिगर डाक्तर चाकू लावत न्हाईत. कागद तुझ्या उशाला हाय. सही कर. मी शुक्रवारच्या गाडीला बसतोय. धोंडुबाई संगट येणार, ती आपणहून म्हणाली.

आणखी एक. डोळं मिटलं होतं. सुईला भिऊन न्हवं. देवाकडं काय मागितलं ते इचारू नको, सांगणार न्हाय.