व्हेंट पाइपचं तोंड

३ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! नोकरीबरोबर घर मिळणार हे माहीत होतं. पण दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि वर आख्खी गच्ची, एवढी चैन होईल असं वाटलं नव्हतं. बायको एकेक कपाट उघडून बघते आहे. आमची चिमणी, वय सहा, पुढचे दोन दात गायब, जिन्यावरून वीसदा तरी वरखाली झाली. कारखान्याच्या वसाहतीतल्या चाळीस घरांच्या मोऱ्या, संडास, गटारं आजपासून माझ्या हवाली. सगळ्यांचा एकच मोठा पाइप, आणि त्याला हवा देणाऱ्या व्हेंट पाइपचं तोंड आमच्याच गच्चीवर. पाणी रोज संध्याकाळी पाचला सुटतं, तेव्हा अख्खी वसाहत नळांवर तुटून पडते.

बायको म्हणते, हा माणूस नाकाने कांदे सोलतो. सोलेना का, याच नाकावर पंधरा वर्षं घर चाललंय.

एकच खोट. बेसिनमध्ये पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून गुळणी केल्यासारखा आवाज येतो. उद्या बघतो.

४ मार्च, मंगळवार
सकाळी मोरीत पाऊल टाकलं आणि वासाने नाक दाबलं. नासलेलं दूध, ओले केस, आणि त्याखाली काहीतरी कोमट. जाळी काढली. खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपच्या वाकड्या वळणात, पाणी साचून असायला हवं. तेच गटाराचा वास अडवतं. इथे थेंब नव्हता. बादलीभर ओतलं, तासाभरात पुन्हा कोरडं. खालून कोणी चोखून घ्यावं तसं.

निदान सोपं होतं. गच्चीवर गेलो, तर व्हेंट पाइपचं तोंड सिमेंटने लिंपलेलं. माझ्या आधीच्या दुरुस्तीवाल्याचा प्रताप. पाइपला हवा लागतेच. वरचं तोंड बंद केलं की तो दुसरं शोधतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी कळतं. त्याला बहुतेक दुसराही दिवस मिळाला नसावा. छिन्नीने फोडलं. आत चिंध्यांचा बोळा निघाला, केसांनी आणि पिवळट सायीने माखलेला. हाताचा बुळबुळीतपणा तीनदा साबण लावूनही जाईना. जेवण गेलं नाही. पण गुडगुड थांबली.

६ मार्च, गुरुवार
चिमणीला नवा खेळ सापडलाय. गच्चीवरच्या पाइपला तोंड लावून फोनवर बोलल्यासारखी बोलत बसते. आज पकडली, रागावलो. ओठांवर तीच पिवळी साय. बायकोने ओल्या फडक्याने पुसली, तर तार सुटली.

चिमणी रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तो माझा श्वास पितो."

८ मार्च, शनिवार
घरात पुन्हा वास. मोरीत नाही, बेसिनमध्ये नाही, अंथरुणात.

जुनी युक्ती केली. व्हेंटमध्ये पुदिन्याचं तेल आणि वर गरम पाणी ओतायचं. पाइप जिथे गळतो तिथे पुदिन्याचा वास येतो. ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, त्याच्या हातांना तेल असतं. म्हणून मी वर थांबलो आणि बायको खाली जाळ्या, बेसिन, भिंतीचे सांधे हुंगत फिरली. कुठेच काही नाही म्हणाली. मग तिने चिमणीला कडेवर घेतलं आणि मला हाक मारली. तो आवाज तिचा वाटला नाही.

पुदिना चिमणीच्या तोंडातून येत होता. ती आज गच्चीवर फिरकलीही नव्हती. पुदिन्यामागून नासलेलं दूधही येत होतं.

९ मार्च, रविवार
डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं. घसा स्वच्छ आहे म्हणे. रुमाल मात्र नाकावरून काढला नाही.

लिहायला लाज वाटते. पोटच्या पोरीची किळस आली मला. तिने गळ्यात हात टाकले आणि मी तोंड फिरवलं. तिने ते बघितलं.

संध्याकाळचं पाणी येऊन गेल्यावर कामाला लागलो. व्हेंटवर लोखंडी जाळी, वर सिमेंट. मोरी, बेसिन, संडास, सगळ्यांची तोंडं बोळे घालून बंद. आता कुठून येतो तेच बघतो.

१० मार्च, सोमवार
चिमणी बोलत नाही. तोंड उघडं आहे, मिटत नाही. शेजारी कोणी बादली ओतली की तिच्या घशात गुळणी होते. जीभ कोरडी. दूध पाजलं — गिळलं नाही, नुसतं आत गेलं.

शेजारची शिंपीणबाई उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, आधीच्या दुरुस्तीवाल्याची आई चांगली ठणठणीत होती. मुलाने गच्चीवर सिमेंट लावलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून म्हातारीचं तोंड मिटेना. एक दिवस पाच वाजता —

चिमणीकडे बघून तिने पदराने तोंड झाकलं आणि मागे फिरली.

वरचं तोंड बंद केलं की तो दुसरं शोधतो. माझंच वाक्य. चार पानं मागे, माझ्याच अक्षरात.

दुपारी दोन
सिमेंट फोडलं. जाळी उपटली. बोटं सोलली. पाइपवर तळहात धरला — ओढ नाही. त्याला आता हे तोंड नको.

चिमणीला उचलून वसाहतीच्या फाटकापर्यंत नेलं. निळी पडली. परत आणलं — श्वास सुरू.

पावणेपाच
बायको घरोघरी धावते आहे. नळ उघडू नका सांगते आहे. लोक तिच्या तोंडावर दार लावतात. चाळीस घरांचं पाणी एकदम उतरलं की पाइप सगळी हवा एकाच तोंडातून ओढणार —

एक गोष्ट राहिली. मोठं तोंड मिळालं की पाइप लहान सोडतो. हेही धंद्यातलंच.

तिच्या तोंडाला तोंड लावलं. साय. केस. उलटी आली, गिळली. पुन्हा लावलं. आता तोंड फिरवणार नाही.

या घरात पुढे जो येईल त्याने वरचं तोंड कधीच —

पाच. पहिला नळ. दुसरा —

चिमणीने तोंड मिटलं. मिटलं. बाबा म्हणाली.

माझ्या घशात काहीतरी कोमट —