चौघांचं पीठ

माय,

आज घरात काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात सरळ होईल. हुलग्याचं पीठ एक किलो, नव्वद रुपये. सीताफळं अर्धी पाटी, दीडशे. शेंगदाणे पाव किलो, चाळीस. शेजारच्या मास्तरीणबाईंनी धपाटे आणले आणि शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं खव्याच्या पोळ्या. त्यांचं मोल लावता येत नाही, म्हणून वहीत नुसतं ‘आलं’ असं लिहिलं. आणि सिरसाळ्याच्या मावशींनी एक गोष्ट आणली. ती कुठल्या रकान्यात मांडायची ते मला कळेना. म्हणून वहीचं मागचं पान फाडलं आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, पण आजच्याइतकी तुझ्यावर मी कधी चिडले नव्हते.

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडं पोथी असते. आरती झाली की आम्ही बायका ओसरीत तासभर बसतो. आज बोलणं आधी हवेवर गेलं. मास्तरीणबाई मोबाईल बघून म्हणाल्या, “आज उघाड दाखवलीय.” शिवणवाली म्हणाली, “त्याला काय जातंय दाखवायला, त्याची धुणी थोडीच वाळत पडलीत.” मग काशीचा विषय निघाला. दिवाळी झाली की परळीहून गाडीनं जायचं ठरतंय, माझंही नाव यादीत आहे. कार्तिकात तिकडं थंडी लई असते म्हणे. मावशी म्हणाल्या, “आपल्याकडची थंडी म्हंजी पाहुणी, दोन दिस येती अन् जाती. तिकडची मुक्कामाला आसती. दोन दोन शेटर घ्या.” शिवणवालीला जेवणाची काळजी. भाकर मिळत नाही म्हणून ती आमटीला येसराचा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेणार आहे. “अन् हुलगे?” मी विचारलं, कारण मी तिथंच परात घेऊन हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळत होते. “तिकडं हुलगे घोड्याला घालतेत म्हणं,” शिवणवाली म्हणाली. मावशी म्हणाल्या, “मंग आपुन घोडेच की गं.” इतकं हसलो की माझ्या हातातलं शेंगोळं मोडलं.

मग काशीत काय सोडायचं यावर बोलणं आलं. गंगेत उभं राहून आवडीची एक वस्तू सोडायची, पुन्हा जन्मात तिला शिवायचं नाही, ही रीत तुला मी काय सांगू. शिवणवाली म्हणाली, “मी कारलं सोडणार.” मास्तरीणबाई म्हणाल्या, “तू कारलं खातीस कवा?” “न्हाई खात. म्हणून तर सुटंल.” मास्तरीणबाईंनी पडवळ सोडायचं ठरवलं होतं, ते आमच्या बाजारात येतच नाही. मी दोडका म्हणाले. तेव्हा मावशी म्हणाल्या, “तुमी समद्या देवाला फसवायला निघाल्यात. हिची माय खरी बाई. आमी एकाच बसनं गेलतो. पंड्यानं सांगितलं, ज्यात जीव अडकलाय ते सोड. आमी कुणी कोहळा सोडला, कुणी रामफळ. हिच्या मायनं पाण्यात उभं ऱ्हाऊन सांगितलं, लेकीच्या हातचं जेवण.”

मी म्हणाले, “काय म्हणालात मावशी?”

“तुला म्हाईत न्हाई व्हय? मला वाटलं तिनं सांगितलं आसंल.”

शिवणवालीनं हळूच विचारलं, “अन् बाजाराला आली म्हंजी जेवायची कुठं?” मावशी म्हणाल्या, “ष्टँडवर. फडक्यात बांधून आणायची की भाकर. लेकीला कळू नाही म्हणून आडोशाला बसायची.”

माय, काशीच्या आधी किती वर्षं मी तुला जेवू घातलं. नांदूरघाटहून पहिल्या गाडीनं केजच्या बाजाराला यायचीस, पिशवी दारात ठेवायचीस आणि पाय धुवायच्या आधी विचारायचीस, “शेंगोळे टाकलेस का गं?” चुलीपुढं पाटावर बसून तू खातेस, रस्सा भुरकताना तुझ्या नाकाला पाणी येतं, पदरानं पुसतेस आणि म्हणतेस, “माझ्यापरीस तुला चांगले जमतेत.” सासूबाईंच्या देखत म्हणतेस, म्हणजे ते कौतुक मला घरात वर्षभर पुरावं. आणि मग काशीहून आलीस आणि एकदम बंद. आज उपवास हाय. आज पोट जड हाय. आत्ताच खाऊन आले. आठ वर्षं हेच. मी तुझ्यापुढं बसून जेवायचे आणि तू माझ्या ताटाकडं बघायचीस.

त्या आठ वर्षांत मी काय समजले ते तुला ठाऊक आहे का? काशीला जायच्या आधी एकदा तू मला पीठ घेताना पाहिलं होतंस. पितळी पेल्यानं, माणशी एक पेला. मी मॅट्रिक झालेली, हिशेबाची बाई, मला त्याचा अभिमान होता. तू सगळ्यांपुढं म्हणालीस, “माणसं मोजून पीठ घेऊ नाही. एक भाकर वरची आसावी. येणारा सांगून येत न्हाई.” माझे कान तापले. पुढं तू जेवणं सोडलंस तेव्हा मी हेच धरून बसले की मापाचं अन्न तुला गोड लागत नाही. लेक कंजूष निघाली म्हणून तू माझ्या घरी पाण्याशिवाय काही घेत नाहीस. सासूबाई सुद्धा एकदा बोलून गेल्या, “तुझ्या मायला आपलं घर चालंना.” त्याचं उत्तर तुझ्याकडं होतं आणि तू ते फडक्यात बांधून ष्टँडवर बसली होतीस.

सोडायचं तर आपलं सोडावं ना. सीताफळ तुझं होतं, ठेचा तुझा होता, गूळ घातलेला चहा तुझा होता. माझ्या हातचं अन्न माझं होतं. ते मी रांधायचे, मी वाढायचे, ते तू मला न विचारता नदीत सोडून आलीस. लग्नात एकदा माझं दान केलंस, तेव्हा मी मान खाली घालून उभी राहिले. दुसऱ्यांदा कुणाला विचारून केलंस? देवावर माझा राग नाही. त्यानं मागितलं नव्हतं. त्याला कारलं चाललं असतं. तुलाच खरं वागायची हौस. आणि इतकं खरं वागणारी बाई लेकीपुढं बसून आठ वर्षं पोट जड आहे म्हणून सांगत होती, ते कसं चाललं? तिथं कसा नेम मोडला नाही? एकदा म्हणाली असतीस की, पोरी, तुझं जेवण मला सगळ्यात गोड लागतं म्हणून सोडलं, तर मी भांडले असते, रडले असते, आणि मग जन्मभर त्यावर जगले असते.

बायका गेल्या. जाताना मावशी माझा हात धरून म्हणाल्या, “राग धरू नगं, चांगल्यासाठीच केलं तिनं.” मी त्यांना डब्यात शेंगोळे दिले. देवापुढं दिवा लावला, तेव्हाही मनात तुझ्याशी भांडतच होते. काशीच्या यादीतून नाव काढणार होते, पण मास्तरीणबाई म्हणाल्या, तिकीट निघालंय. जाईन. गंगेत उभी राहीन आणि दोडका सोडीन. मला दोडका आवडत नाही. माझ्या सुनेच्या हातचा चहासुद्धा मी कुणाला देणार नाही.

हे पान पाठवायला पत्ता नाही. पाकीट आणलं नाही, तेवढा खर्च वाचला. पण पान वहीत ठेवायचं तर वही खोटी असून चालत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते.

तू शेवटची आलीस तो दिवस. पुढच्या महिन्यात तू गेलीस. मी सगळ्यांना सांगत आले की त्या दिवशी मी तुझ्यापुढं ताट ठेवलं आणि तू ते परत सारलंस. भावाला सांगितलं, नणंदांना सांगितलं, आजही मावशींना तेच सांगणार होते. ताट नव्हतं, माय. तू येणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. सकाळी परात घेतली, पेला घेतला. सासूबाई, हे, पोरगा आणि मी. चार पेले घेतले आणि डब्याचं झाकण लावलं. कशाला वाया घालवायचं, ती कुठं जेवणार आहे, असं म्हणाले. तू चुलीपाशी येऊन बसलीस, परातीत बघितलंस, मोजलंस बहुतेक, आणि मी विचारायच्या आधीच म्हणालीस, “मी खाऊन आले गं.” मी विचारणार नव्हते. तू हो म्हणाली असतीस तर तुला द्यायला घरात भाकर नव्हती.

तेवढं एकच उलट टपाली कळव. त्या दिवशी तुला भूक लागली होती का?