भुताची साडी

डिंडोली, सुरत

प्रिय प्राजक्ता,

तुला पुण्याला जाऊन महिना होत आला आणि गेले काही दिवस मी तुझा एकही फोन उचलला नाही. केदारला तू विचारलंस म्हणे, की प्रज्ञा आहे की गेली? आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते, हे आपलं पहिल्या वर्षापासूनचं आहे. या वेळी मला बोलायचंय म्हणून कागद घेतला. तू पाठवलेला करार मिळाला. आपली फिल्म त्या ऑनलाइन चॅनेलला द्यायची, निर्माती म्हणून मी सही करायची, एवढंच राहिलंय, हेही कळलं. सही मी केलेली नाही. फिल्ममुळे माझ्या आईच्या बाबतीत काहीतरी मोडलंय आणि ते पुन्हा जोडता येईल का, हे मला करारातल्या साठ हजारांपेक्षा मोठं वाटतं. तुला सगळं माहीत नाही, कारण मी सांगितलंच नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

सरांनी भुताची शॉर्ट फिल्म करायला सांगितली तेव्हा तू दिग्दर्शक होणार हे तुझ्या पाळण्यातच ठरलेलं होतं. केदारकडे कॅमेरा चालवायचा हात होता. उरले मी. तू म्हणालीस, लूम कामगाराची पोर आहे, पैशाला जपेल, हिलाच निर्माती करा. आपण सगळे हसलो, मीही हसले. बजेट बारा हजारांच्या आत बसवताना मी तुम्हा दोघांना काय छळलं असेल! ड्रोन काढून टाकला. धुराचं मशीन काढलं आणि धूपदाणी आणली. रक्त म्हणून बिटाचा रस साखरेच्या पाकात घोटला, त्याला मुंग्या लागल्या. नाश्त्याला तुला सँडविच हवं होतं, मी गाडीवरच्या सुरती लोचोवर भागवलं. उधन्याला पप्पा लूमच्या ज्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला होते ते बंद पडलंय, त्याची चावी त्यांनी जुन्या शेठकडून मागून आणली, म्हणजे जागाही फुकट. पण सरांचा नियम होता, फुकटची वस्तूसुद्धा यादीत लिहायची आणि खर्च शून्य मांडायचा. भुताच्या साडीला तू तीनशे धरले होतेस. मी म्हटलं, पांढरी साडी आमच्या घरी आहे की, विकत कशाला? आणि शून्य लिहून मोकळी झाले.

त्याच आठवड्यात तो दुसरा अहवाल होता. भुताचे पिक्चर किती खर्चात होतात आणि किती कमावतात, त्याचा. तुमच्या अडाजणच्या घरी तुझ्या लॅपटॉपवर आपण डोळे फुटेस्तोवर आकडे शोधले. एका साइटवर जो पिक्चर हिट, तो दुसरीकडे फ्लॉप. कुणी तिकिटांची सगळी विक्री सांगतं, कुणी कर वजा करून, कुणी थिएटरवाल्याचा वाटा काढून. शेवटी कंटाळून आपण उधन्याच्या त्या जुन्या टॉकीजच्या मॅनेजरला जाऊन गाठलं. आठवतो ना, पानाचा तोबरा भरलेला? त्याने आपले कागद बाजूला सारले आणि म्हणाला, “बेन, भूतना पिक्चरमां शुं जोइये? एक बंगलो, एक सफेद साडी ने लाइट बंध. पैसा वसूल.” हिरो लागत नाही, परदेशातलं गाणं लागत नाही. आपण अहवालाच्या शेवटी लिहिलं की भीती हा सगळ्यात स्वस्त माल आहे, कारण तो प्रेक्षक घरून आणतो. वाक्य तुझं होतं. सरांनी त्याच्याखाली लाल रेघ मारून ‘छान’ लिहिलं. मलाही ते छान वाटलं होतं. कुणाच्या घरून, असा प्रश्न दोघींनाही पडला नाही.

शूटिंगला आई आली ती साडीच्या काळजीने. बिटाचा डाग जाणार नाही, मी स्वतः बघते, म्हणाली. मग आपलं भूत आलंच नाही. त्या मुलीच्या आजीने लग्नाच्या वयात भूत होऊ नकोस म्हणून तिला घरीच बसवली. कॅमेरा भाड्याचा, दिवस चाललेला, आणि तू खात्याच्या दारात डोकं धरून बसलेली. तुझी ती दशा बघून आईच म्हणाली, मी चालू का? खात्यात तिला वाट दाखवायची गरज नव्हती. माझ्या जन्माआधी ती तिथेच बॉबिन भरायला बसायची. तू म्हणालीस, काकू, अभिनय नको, देवळात जाता तशा शांत चालत या. हातात काहीतरी हवं म्हणून तू मेणबत्ती दिलीस. देऊळ तिला कुठून ठाऊक असणार? ती विहारात चालते तशी चालली. पदर दोन्ही खांद्यांवरून, मेणबत्तीला आडोसा दिलेला हात, मान खाली, पाऊल सावकाश. बंद लूमांच्या मधून ती येताना केदारच्या अंगावर काटा आला. तू ‘कट’ म्हणायचं विसरलीस. मीही विसरले होते. माझ्या आईला मी आयुष्यभर तसंच चालताना पाहिलंय, तरी त्या दिवशी तिची भीती वाटली, एवढं तू चांगलं टिपलं होतंस. यात मी खोटं बोलणार नाही. फिल्म चांगली आहे.

कॉलेजातल्या शोच्या दिवशी सगळं सभागृह किंचाळलं आणि मग टाळ्या. आई माझ्या शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होती. तुझे आई-बाबा मुद्दाम भेटायला आले. श्रीकांतकाकांनी हात जोडले. नीलाकाकूंनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “खरंच मोठं मन तुमचं. मला नसतं जमलं बाई. हे असताना पांढरं अंगाला लावायचं म्हणजे...” त्या मनापासून बोलल्या, प्राजक्ता. टोमणा नव्हता, आणि त्यांचा मला रागही नाही. पप्पा जवळच उभे होते. आई नुसती हसली. घरी येताना रिक्षात पप्पा म्हणाले, तू सांगितलं का नाहीस? आई म्हणाली, त्यांना काय सांगायचं, आणि कसं सांगायचं?

तुला सांगते. ती साडी आईच्या लग्नातली आहे. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर, मेणबत्त्या लावून, ती साडी नेसून माझी आई पप्पांची बायको झाली. जळगावहून सुरतेला ती आली तेव्हा तिच्या पेटीत तेवढीच एक नवी साडी होती. तुमच्याकडे शालू असतो ना, तुझ्या आईने मलमलीत गुंडाळून ठेवलेला, जो तू मला एकदा हात धुऊन ये म्हणत दाखवला होतास? तसा आमचा हा. फक्त आमचा कपाटात झोपत नाही. बुद्ध पौर्णिमेला, जयंतीला, कुणाच्या लग्नाला, दरवेळी तो बाहेर निघतो. म्हणूनच माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की घरी आहे. आमच्या घरी पांढरी साडी ही सणाची. भुताला पांढरी साडी लागते हेही मला लहानपणापासून माहीत होतं, पिक्चर सगळ्यांनीच बघितलेले. या दोन साड्या एकच आहेत हे मात्र कधी डोक्यातच आलं नाही. हसशील तू, पण खरं आहे.

मग आपण ट्रेलर टाकला. तू पुण्याला गेलीस आणि इकडे डिंडोलीत तो प्रत्येक मोबाइलवर पोचला. आपली सीताबाई हिरोईन झाली म्हणून बायका आईकडे चहाला येऊ लागल्या. बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी आमच्या सोसायटीतून विहारापर्यंत बायकांची रांग निघते. सगळ्या पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्त्या. आई पुढे होती. विहाराच्या पायरीशी पोरं उभी होती, त्यात शेजारच्या सुभद्राबाईची नात. तू तिला पाहिलंयस, आमच्याकडे आईच्या मांडीवर बसून पोहे खात असते ती. तिने आईला येताना पाहिलं आणि अशी किंचाळली, की सगळी रांग थांबली. मग बाकीची पोरं भूत, भूत करत पळाली. मोठी माणसं हसली. सुभद्राबाईसुद्धा हसत हसत नातीला समजावत होती, अगं आजी आहे ती, आपली आजी. पोरगी ग्रिलला चिकटून बसली, सोडेना. आईने मेणबत्ती विझवली. रांगेतून बाहेर पडली आणि मागे जाऊन, चपला ठेवतात तिथे उभी राहिली. वंदना संपेपर्यंत तिथेच होती.

त्यानंतर ती विहारात फुलाफुलांची साडी नेसून जाते. कुणी विचारलं तर म्हणते, गरमी किती आहे, सुती बरी पडते. मी एकदा म्हटलं, आई, आपण ट्रेलर काढून टाकू. तर माझीच समजूत काढली, “जाऊ दे माय, पिक्चरच शे ते.” चिडली असती, मला दोन शब्द सुनावले असते, तर मी भांडले तरी असते. पण तिने ती साडी धुतली, इस्त्री केली आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवली. मला त्याचं फार वाईट वाटतं, प्राजक्ता. रात्रंदिवस वाटतं.

आता फिल्मचं. तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, अगं भूत पांढऱ्याच साडीत असतं, त्यात कुणाचा काय संबंध? त्यावर मी फोन ठेवला आणि मग उचललाच नाही. पण तुझं चुकलं असं म्हणायचं तर माझंही तेच म्हणणं होतं की, बजेट करताना. म्हणून भांडत नाही, निर्माती म्हणून सांगते. आहे तशी फिल्म मी विकू देणार नाही. ट्रेलर काल काढून टाकला. तुझा पासवर्ड अजून तोच आहे, बदल तो. भुताचा भाग पुन्हा शूट करू. एका दिवसाचं काम आहे, कॅमेऱ्याचं भाडं माझ्याकडून. भूत गणवेशात येऊ दे, गाऊनमध्ये येऊ दे, नाइटशिफ्टच्या कामगाराच्या बनियनवर येऊ दे. तू हुशार आहेस, पांढऱ्या साडीवाचून घाबरवता येत नसेल तर मग कसली दिग्दर्शक? चॅनेलवाले थांबले नाहीत तर साठ हजार गेले. तुझ्या पहिल्या कमाईवर मी पाणी ओतलं हे मला कळतंय, आणि तू काही दिवस माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन.

पण रागावलीस तरी एक काम कर. पत्र त्यासाठीच आहे, बाकी सगळं मेलवरही लिहिता आलं असतं. येत्या रविवारी राकेशदादाचं लग्न आहे, सकाळी, इथल्याच हॉलमध्ये. नवरी नंदुरबारची, जागृती नाव आहे, तुला आवडेल. राकेशच्या लग्नात मी माझ्या लग्नातलीच साडी नेसणार, हे आई आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हापासून सांगत आलीय. परवा ती मार्केटमधून राणी रंगाची साडी घेऊन आली. मुलाची आई आहे, जरा रंगीत बरं दिसतं, म्हणाली. पप्पांनी मान फिरवली. मी समजावून पाहिलं, दादाने पाहिलं. आम्ही घरचे, आमचं ती ऐकत नाही. तू शनिवारच्या रात्रीच्या गाडीने ये. स्टेशनवर केदार येईल. आणि येताना पांढरी साडी नेसून ये, काठ असला तरी चालेल. नीलाकाकू फोनवर म्हणतील, लग्नाला का कुणी पांढरं नेसतं? त्यांना सांग, प्रज्ञाकडे नेसतात. आई तयार व्हायला बसेल त्याच्या आधी घरी पोच, सरळ आत तिच्याकडे जा आणि म्हण, काकू, मला पदर दोन्ही खांद्यांवर नीट घेऊन द्या. दुसरं काही बोलू नकोस, माफीबिफी तर नकोच. तोवर मी ट्रंक उघडून ठेवते.

तुझीच,
प्रज्ञा