लाल प्रॉम्प्ट

नमनगान, ४ मार्च

पुन्हा तेच! शेजारच्या टेबलावरच्या नोदिराने टर्मिनल उघडलं की आधी नक्षी, मग हवामान, मग मांजर! "सुरुवातीच्या फाइलीत इतका कचरा भरायचा नसतो, पोरी." तर म्हणते, "तोलिब-अका, तुमची फाइल म्हणजे कबरस्तान! नुसती शिस्त, फूल एक नाही."

म्हणू दे. ती फाइल मी ओळीओळीने बांधलीय, कुठल्या कॉलेजात शिकून नाही. खऱ्या मशीनवर प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायच्या जागेची खूण, लाल— कालव्यांचे दरवाजे त्या मशीनवर चालतात. सरावाच्या मशीनवर हिरवा. बाकी दोन्ही पडदे जुळे भाऊ. आधी रंग बघायचा, मग बोट लावायचं. नियम माझा, पाळतं अख्खं ऑफिस.

९ मार्च

हिरवा आज राखाडी दिसला. खोलीतला दिवा बदलून पाहिला. लालही राखाडी.

१२ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याची नस सुकतेय. गेलं ते परत येत नाही. बाहेर बाकावर ओयसुलुव बसलेली. "काय म्हणाल्या?" "चष्मा बदला म्हणाल्या." बायकोशी खोटं बोललो.

ऑफिसात कळलं तर पाणी सोडायच्या आधीच लाल मशीन काढून घेतील. प्रॉम्प्टमध्ये रंगाशेजारी 'खरं' असा शब्द घालता येईल. पण नोदिरा विचारेल, कशाला? नाही घातला.

१८ मार्च

सरावाच्या मशीनवरची जुनी पाळीपत्रकं पुसली. मग मशीनचं नाव वाचलं— खरं! वसंतातल्या पाण्याच्या पाळ्या, गावोगावच्या, सगळ्या गेल्या! अंगणात जाऊन उभा राहिलो. काय सांगायचं ते जुळवत परत आलो, तर पत्रकं जागच्या जागी!

"अका, एवढा घाम? नवरोजच्या सुमलक-खिरीची कढई ढवळून आलात की काय?" नोदिरा म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता.

२० मार्च

मशीन स्वतःहून काही करत नाही. हे मीच सगळ्यांना शिकवलं.

२४ मार्च

सापडलं. माझ्या फाइलीत नाही— खऱ्या मशीनच्या, सगळ्यांसाठी चालणाऱ्या सामाईक फाइलीत, जी मी कधीपासून उघडलीच नव्हती. तळाशी नोदिराची ओळ. तोलिबच्या नावाने कुणी आत आलं, तर 'पूस' म्हटलं तरी पुसायचं नाही, बाजूच्या फोल्डरात नेऊन ठेवायचं. सुबक लिहिलीय. खोट काढायला जागा नाही. त्या दिवशी मी अंगणात असताना पत्रकं तिथून तिनेच परत आणली असणार.

तारीख हिवाळ्यातली. म्हणजे माझ्या आधी तिला कळलं!

फोल्डर उघडायचा धीर नाही.

२५ मार्च

उघडलं. भरलेलं होतं— हिवाळ्यापासून मी चुकून पुसलेल्या फाइलींनी.

"नोदिरा, इकडे ये. लाल मशीनसमोर, माझ्या या खुर्चीत बस, पोरी."