खालचा फुटवा

रविवार, संध्याकाळ. करंजाडे.

शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. बाल्कनीतला माझ्या बायकोचा, सुनंदाचा गुलाब मी कौतुकाने दाखवला. ती गेल्यावर सुकला होता, आता बघा, हातभर वाढलाय. काकू वाकून बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्यो कलमाच्या खालून फुटलाय. रानटी हाय. वरचं कलम मेलं."

असे खालचे फुटवे सुनंदा अंगठ्याने मोडून टाकायची. दर रविवारी. मी चिडायचो, एवढं कोवळं कशाला मोडतेस? ती म्हणायची, "ठेवला तर माझ्या गुलाबाचा जीव घेईल." मला चेष्टा वाटायची. मला काय कळतंय गुलाबातलं.

आठ महिने त्याच फुटव्याला पाणी घातलं, खत घातलं. रोज सकाळी त्याच्याशी बोललो. म्हणजे तिचा गुलाब मीच मारला? की तो आधीच गेला होता? काकूंना विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

त्या गेल्यावर फुटव्याच्या बुडाशी अंगठा ठेवला, सुनंदा ठेवायची तसाच. पण हा मोडला तर त्या कुंडीत हिरवं काहीच उरत नाही.

अंगठा काढला. पाणी घातलं.